यंत्राने उतरवलेल्या गोष्टीचे संपादन: नवोदितांसाठी वाटचाल

नागपूरजवळच्या उमरेड रस्त्यावरील एका गावातील आजींची बैलाची गोष्ट मी पहिल्यांदा यंत्राकडून उतरवून घेतली, तेव्हा कागदावर एक सुंदर वाक्य आले होते: ‘तर तो मायेने पाहत राहिला.’ धनी परतलेला नाही, बैल रिकामी बंडी ओढत एकटाच दाराशी आला आहे आणि घरधनिणीकडे मायेने पाहतो आहे. वाक्य गोष्टीत इतके चपखल बसले होते की मी ते तसेच ठेवले. दोन महिन्यांनी मूळ ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकताना कळले की आजी ‘तं तो मायाकडे पाहून राह्यला’ असे म्हणाल्या होत्या. आमच्या नागपुरी बोलीत ‘मायाकडे’ म्हणजे ‘माझ्याकडे’. बैलाच्या मनात काय आहे हे आजींनी सांगितलेच नव्हते. तो फक्त पाहत होता, आणि त्याने काही न सांगणे हाच त्या प्रसंगाचा खरा धक्का होता. यंत्राने तो धक्का काढून तिथे माया ठेवली, आणि मी तिला मान्यता दिली.

यंत्राने केलेली निरर्थक चूक डोळ्यांना लगेच टोचते. अर्थपूर्ण चूक मात्र वाचकापर्यंत सुखरूप पोहोचते. म्हणून हे काम नव्याने हाती घेणाऱ्याने आरंभीच मनाशी ठरवावे की यंत्राचा मजकूर जिथे फार गुळगुळीत वाटेल, तिथे अधिक संशय घ्यायचा. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या, शेजारच्या काकूंच्या किंवा गावाकडच्या सांगणाऱ्यांच्या गोष्टी ज्यांनी मोबाइलवर टिपून ठेवल्या आहेत आणि आता त्या लेखी रूपात आणायच्या आहेत, त्यांच्यासाठी मी माझ्या कामाची पद्धत इथे क्रमाने मांडत आहे.

यंत्र ऐकते म्हणजे काय करते

आधी थोडे यंत्राविषयी, कारण त्याचा स्वभाव कळला की त्याच्या चुका कुठे सापडतील हेही कळते. ओपनएआय या कंपनीने सप्टेंबर २०२२ मध्ये ‘व्हिस्पर’ नावाची श्रुतलेखन प्रणाली सर्वांसाठी खुली केली. ती ६,८०,००० तासांच्या ध्वनीवर शिकवलेली आहे, पण त्यातला बहुतांश भाग इंग्रजीचा असून मराठीसह उरलेल्या शंभरेक भाषांच्या वाट्याला त्याचा लहान हिस्सा आला आहे. आपल्याकडे आयआयटी मद्रासमधील ‘एआय-फॉर-भारत’ या गटाने भारतीय भाषांसाठी अशाच प्रणाली तयार केल्या आहेत, आणि केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ उपक्रमातही मराठी आहे. यांपैकी कोणतीही निवडली, तरी यंत्राची कार्यपद्धती साधारण सारखीच राहते: कानावर पडलेल्या आवाजाशी जुळणारा आणि त्याने पूर्वी पाहिलेल्या लिखाणात त्या जागी येण्याचा जास्त संभव असलेला शब्द ते लिहिते.

पूर्वी पाहिलेले ते लिखाण प्रामुख्याने प्रमाण मराठीचे असते. त्यामुळे ‘मले’ ऐकूनही ते ‘मला’ लिहिते, ‘कुठी’चे ‘कुठे’ करते आणि ‘जाऊन राह्यला’चे ‘जात आहे’ करून मोकळे होते. नागपुरी बोलीत बाई स्वतःविषयी ‘मी उभी होती’ असे म्हणते, आणि यंत्र तिचे व्याकरण ‘सुधारून’ ‘मी उभी होते’ असे लिहिते. त्याशिवाय आपल्या शहराची आणखी एक अडचण आहे. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रांताची आणि त्यानंतरच्या जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते, आणि हिंदी आमच्या बोलण्यात पिढ्यान्‌पिढ्या मिसळलेली आहे. सांगणारा माणूस एकाच वाक्यात मराठीतून हिंदीत जातो आणि परत येतो. भाषा स्वतः ओळखण्याची मोकळीक यंत्राला दिली, तर दोन-चार हिंदी शब्द कानावर पडताच ते सगळी फाइल हिंदी समजून लिहू लागते.

बोली लिहून घेण्याची ही अडचण यंत्रामुळे निर्माण झालेली नाही. जॉर्ज ग्रिअर्सन यांनी केलेल्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीविषयीचा सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्या सर्वेक्षणात बायबलमधील उधळ्या पुत्राची एकच कथा ठिकठिकाणच्या बोलींमध्ये सांगवून नोंदवली होती, जेणेकरून गोष्ट तीच राहून बोलीतला फरक तेवढा नजरेत भरावा. गोष्ट आणि बोली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही टिपायच्या आहेत, ही शिस्त आजही आपल्या उपयोगाची आहे.

कूलर बंद करा, मग रेकॉर्ड करा

संपादनातले निम्मे कष्ट ध्वनिमुद्रणाच्या वेळी वाचवता येतात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना घरोघरी कूलर चालतो, आणि त्याच्या अखंड घरघरीत ‘त’, ‘थ’, ‘प’, ‘फ’ यांसारखी क्षीण ऐकू येणारी व्यंजने बुडून जातात. वयस्कर माणसाला तासभर बिनाकूलर बसवणेही योग्य नाही. म्हणून उन्हाळ्यात मी सकाळी साडेसहा-सातच्या सुमारास जातो, किंवा काम पुढे ढकलून दिवाळीनंतर करतो. मोबाइल सांगणाऱ्याच्या छातीपासून वीतभर अंतरावर, उशीवर किंवा घडी केलेल्या टॉवेलवर ठेवावा. टेबलावर ठेवला तर कपबशी हलल्याचा आवाजही शब्दासारखा नोंदला जातो. शक्य असल्यास ध्वनी ‘वेव्ह’ या न दाबलेल्या स्वरूपात जतन करावा, कारण व्हॉट्सअॅपवरून पाठवलेला आवाज दाबला जाऊन त्यातले बारकावे हरवतात.

परवानगी आधीच घ्यावी आणि तीही ध्वनिमुद्रणातच बोलून घ्यावी. गोष्ट कागदावर येणार आहे, ती अनोळखी लोक वाचतील, त्यात कोणाचे नाव ठेवायचे व कोणाचे नाही, आणि आवाज इंटरनेटवरच्या एखाद्या सेवेकडे पाठवला तर चालेल का, एवढे चार प्रश्न साध्या शब्दांत विचारले की पुरे. घरातली भांडणे, वाटण्या, आजारपणे गोष्टींच्या ओघात सहज बाहेर येतात. अशा ध्वनिमुद्रणासाठी मी आवाज बाहेर न पाठवता स्वतःच्या संगणकावर चालणारी प्रणालीच वापरतो.

घरी आल्याबरोबर मूळ फाइलची एक प्रत काढून तिच्यावरच काम करावे आणि मूळ फाइलला पुन्हा हात लावू नये. फाइलच्या नावात तारीख, गाव आणि क्रमांक असावा. ‘आजी नवीन शेवटची’ अशा नावाची फाइल वर्षभराने कोणत्या आजीची हे आपल्यालाच आठवत नाही.

यंत्राकडे देताना

इथे चार बाबी पाहाव्यात. भाषेच्या रकान्यात ‘मराठी’ स्वतः निवडावे. काम ‘लिप्यंकन’ आहे की ‘भाषांतर’ हे तपासावे, कारण व्हिस्परमध्ये भाषांतराची कळ चुकून दाबली गेली तर आजींची गोष्ट इंग्रजीत येते. सुरुवातीची सूचना देण्याची सोय असल्यास तिथे गोष्टीत येणारी माणसांची, गावांची आणि वस्तूंची नावे लिहावीत. व्हिस्पर त्या सूचनेतली केवळ २२४ टोकन, म्हणजे शब्दांचे तुकडे, विचारात घेते, आणि देवनागरी शब्दाचे तुकडे बरेच पडत असल्यामुळे यादी आटोपशीर ठेवावी. माझ्या यादीत ‘बर्डी’ नेहमी असते. सीताबर्डीला आम्ही सगळे बर्डीच म्हणतो, आणि यंत्राने माझ्याकडे तिची ‘वर्दी’ केली होती. एम्प्रेस मिलची ‘एक्स्प्रेस मिल’ झाली होती. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेल्या त्या मिलचा भोंगा जुन्या नागपूरकरांच्या आठवणींत वारंवार येतो, तेव्हा हे नाव यादीत असणे बरे. आणि चौथी बाब म्हणजे प्रत्येक ओळीपुढे वेळ नोंदलेला मजकूर मागावा, म्हणजे नंतर नेमक्या जागी जाऊन ऐकता येते.

पुनरुक्तीच्या बाबतीत यंत्र दोन्ही बाजूंनी फसवते. सांगणाऱ्याने दोनदा उच्चारलेला शब्द ते एकदाच लिहिते, आणि उलट लांब शांतता आली, दूर मंदिरात भजन चालू असले किंवा कूलरचा आवाज भरून राहिला असला, तर कोणीही न म्हटलेले एखादे वाक्य सात-आठ वेळा लिहीत बसते. व्हिडिओच्या शेवटी लोक जसे आभार मानतात, तसली वाक्येही शांततेच्या जागी उगवतात. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपुरात निघणाऱ्या मारबतीच्या, म्हणजे रोगराई घेऊन जाते असे मानल्या जाणाऱ्या पुतळ्याच्या, मिरवणुकीतील ‘घेऊन जा गे मारबत’ ही हाळी मी एकदा अशी उतरवून पाहिली, तेव्हा खरी हाळी किती वेळा झाली आणि यंत्राने किती वेळा लिहिली यांचा काहीच मेळ बसला नाही. मागच्या मजकुराच्या आधाराने पुढचे लिहिण्याची जी सोय व्हिस्परमध्ये असते ती बंद केली की हा प्रकार कमी होतो. पूर्ण थांबत नाही.

श्रुतप्रत: जे म्हटले तेच

यंत्राने दिलेल्या पहिल्या मजकुराला मी यंत्रप्रत म्हणतो. तिच्यात काहीही न बदलता ती जपून ठेवावी. तिच्यावरून तयार होते ती श्रुतप्रत, म्हणजे कानाने खातरजमा केलेली, बोललेले जसेच्या तसे धरून ठेवणारी प्रत. नवोदितांची सर्वांत मोठी चूक इथे होते: ते यंत्रप्रतीवरून थेट वाचनीय गोष्ट लिहू लागतात. मग मूळ काय होते आणि आपण काय घातले हे त्यांनाच उलगडत नाही.

पहिल्यांदा पूर्ण ध्वनिमुद्रण मजकूर समोर न ठेवता ऐकावे. मजकूर डोळ्यांपुढे असला की कान आळशी होतो आणि जे लिहिले आहे तेच ऐकू येते. या वेळी हाताशी कोरा कागद असावा, आणि जिथे आवाज बदलला, सांगणारी थांबली, हसली किंवा कोणाची नक्कल केली, तिथली वेळ तेवढी टिपावी. दुसऱ्यांदा मजकूर उघडून वाक्यावाक्याने ऐकावे. वेग पाऊणपट केला तर शब्दांची टोके स्पष्ट होतात. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाची लहर दिसत असल्यामुळे विराम डोळ्यांनी ओळखता येतात. नेदरलँड्समधील निजमेगनच्या माक्स प्लांक संस्थेने तयार केलेले एलॅन हे मोफत सॉफ्टवेअर आवाजाचा तुकडा आणि ओळ एकमेकांना बांधून ठेवते. दोन्ही शिकायला एक-दोन संध्याकाळी लागतात. माझ्या अनुभवात दहा मिनिटांच्या गोष्टीची श्रुतप्रत व्हायला तास-दीड तास जातो. त्यापेक्षा लवकर झाली तर मी पुन्हा ऐकतो.

आता तीच बैलाची गोष्ट जवळून पाहू. यंत्रप्रत अशी होती:

‘मग तो बैल कानाही बाप एकटाच निघाला. बंडी मागे आणि बंडीत कोणी नाही. मी दारात उभी होते. मी म्हणाले का रे धनी कुठे गेला तुला. तर तो मायेने पाहत राहिला.’

आणि कानाने पडताळल्यावरची श्रुतप्रत अशी:

‘मंग तो बैल, का नाई बाप्पा, एकटाच निंगाला. एकटाच. (विराम) बंडी मांगं, अन्‌ बंडीत कोनी नाई. मी दारात उभी होती. म्या म्हनलं, काऊन रे, धनी कुठी गेला तुया? तं तो मायाकडे पाहून राह्यला. (विराम) पाहून राह्यला नुसता.’

‘कानाही बाप’ ही चूक कोणालाही दिसेल. पण यंत्राने दुसरे ‘एकटाच’ गिळले आहे आणि ‘पाहून राह्यला नुसता’ हे शेवटचे वाक्यच टाकून दिले आहे, हे मूळ ऐकल्याशिवाय कळणे शक्य नाही. आजींनी गोष्ट ज्या दोन खांबांवर उभी केली होती, ते दोन्ही खांब यंत्राला फालतू वाटले. ‘तुया’, म्हणजे ‘तुझा’, याचे ‘तुला’ झाले, ‘काऊन’चे ‘का’ झाले, आणि ‘मायाकडे’चे काय झाले ते वर सांगितलेच आहे.

बोलीचे लेखन कसे करायचे याचा नियम पहिल्याच गोष्टीच्या वेळी ठरवून एका वहीत लिहून ठेवावा. आमच्याकडे पुष्कळांच्या तोंडी ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो, म्हणजे ‘डोळा’चा ‘डोया’ आणि ‘काळा’चा ‘काया’ होतो. ‘ण’च्या जागी ‘न’ येतो, म्हणजे ‘पाणी’चे ‘पानी’ होते. ‘ला’ या प्रत्ययाच्या जागी ‘ले’ येतो. पण एकच माणूस एकाच गोष्टीत कधी ‘पानी’ म्हणतो आणि कधी ‘पाणी’ म्हणतो, विशेषतः शाळेतल्या गुरुजींचे बोलणे सांगताना. श्रुतप्रतीत दोन्ही जसे ऐकू आले तसेच ठेवावे. ती विसंगती नव्हे. गुरुजींच्या तोंडी प्रमाण भाषा घालणे ही सांगणाऱ्याची नक्कल आहे, आणि नक्कल हा गोष्टीचा भाग आहे.

जे ऐकूच येत नाही, तिथे अंदाज न बांधता ‘(अस्पष्ट)’ असे लिहून वेळ नोंदवावी. सांगणाऱ्याच्या घरातल्या माणसाला तो तुकडा ऐकवला की बहुतेक वेळा शब्द सापडतो. मला तीनदा ऐकूनही न लागलेला ‘धुऱ्यावर’, म्हणजे शेताच्या बांधावर, हा शब्द आजींच्या सुनेने स्वयंपाकघरातून, माझ्याकडे न पाहताच, सांगितला होता.

सॉफ्टवेअरला काय सांगावे, काय सांगू नये

श्रुतप्रत तयार झाल्यावर सॉफ्टवेअर पुन्हा उपयोगी पडते, पण मदतनीस म्हणून. सर्वांत भरवशाची युक्ती म्हणजे तोच आवाज दोन वेगळ्या प्रणालींकडून उतरवून घेणे आणि वर्ड किंवा लिबरऑफिसमधल्या ‘दस्तऐवजांची तुलना’ या सोयीने दोन्ही मजकूर शेजारी लावणे. जिथे दोन यंत्रांचे एकमत होत नाही, तिथे आवाज अवघड आहे हे नक्की समजावे आणि तिथे दोनदा ऐकावे. एकमत झाले तरी ते बरोबरच असेल असे नाही. दोन्ही यंत्रे ‘मले’चा ‘मला’ करतात.

शोधा-आणि-बदला ही सोय नावांपुरती ठीक आहे. ‘एक्स्प्रेस मिल’ सगळीकडे ‘एम्प्रेस मिल’ करायला हरकत नाही. पण ‘माया’ सगळीकडे ‘माझा’ केले, तर ज्या ठिकाणी आजी खरोखर मायेविषयी बोलल्या आहेत तेही वाक्य बिघडते. म्हणून ‘सर्व बदला’ न दाबता प्रत्येक जागा पाहून बदलावे. यंत्रप्रत आणि श्रुतप्रत यांची तुलनाही एकदा करून पाहावी, कारण त्या यंत्राच्या सवयीच्या चुकांची यादीच त्यातून हाती येते आणि पुढच्या गोष्टीला ती उपयोगी पडते. माझ्या वहीत आता अशी चार पाने झाली आहेत.

संवाद साधणाऱ्या भाषिक प्रणालींची, म्हणजे चॅटबॉटची, मदत घ्यायची असेल, तर त्यांना कधीही ‘हा मजकूर सुधारून दे’ असे सांगू नये. तसे सांगितले की बोली पुसली जाते, पुनरुक्ती गळते, आणि प्रत्येक परिच्छेदाला एक भावनेचे शेपूट फुटते. त्यांच्याकडून प्रश्न मागावेत. ‘या मजकुरात कोणता शब्द आगेमागे न जुळणारा वाटतो ते ओळ क्रमांकासह सांग, स्वतः काही बदलू नकोस’ अशी सूचना दिली की बरेचदा खरी चूक सापडते. ‘धनी कुठे गेला तुला’ इथले ‘तुला’ जुळत नाही, हे मला अशाच एका तपासणीत कळले होते. गोष्टीत किती पात्रे आहेत, कोणते पात्र मध्येच नाहीसे होते, काळाचा क्रम कुठे मागेपुढे झाला आहे, याची यादी करण्यातही ही यंत्रे तत्पर असतात. त्या यादीतली प्रत्येक ओळ मूळ मजकुराशी ताडून पाहावी, आणि जे बदलायचे ते आपल्या हाताने, आवाज ऐकून बदलावे.

वाचनप्रत: इथे लेखक जागा होतो

आता सर्जनशील संपादनाचा भाग. श्रुतप्रत अभ्यासकाला उपयोगी असली, तरी सामान्य वाचकाला ती दमवते. तोंडी गोष्टीत सांगणाऱ्याचा चेहरा, हात, डोळे आणि समोर बसलेल्याचा ‘हं’ असा हुंकार मिळून अर्थ पूर्ण होतो. कागदावर त्यांपैकी काहीच नसते. वाचनप्रतीत जे करायचे ते इतकेच की आवाजात होते ते लिपीत आणायचे, आणि आवाजात नव्हते ते आणायचे नाही.

पहिला निर्णय बोलीचा असतो. संपूर्ण वाचनप्रत प्रमाण मराठीत आणली तर गोष्टीचा रस जातो. प्रत्येक उच्चार तंतोतंत लिहिला तर पुण्या-मुंबईचा वाचक अडखळतो आणि नागपूरचा वाचकही स्वतःची बोली लेखी वाचायला सरावलेला नसतो. मी पात्रांचे बोलणे आणि सांगणाऱ्याची खास वळणे बोलीत ठेवतो, वाचकाला चुकीच्या अर्थाकडे नेणारी लेखनरूपे बदलतो. ‘मायाकडे’ वाचून वाचकही यंत्रासारखाच फसेल, म्हणून वाचनप्रतीत मी ते ‘माह्याकडे’ असे लिहिले. उच्चार फारसा दूर जात नाही आणि अर्थ निःसंशय राहतो. ‘धुरा’, ‘बंडी’, ‘काऊन’ यांना तळटीप मी देत नाही; पुढच्यामागच्या वाक्यांतून अर्थ कळत असेल तर वाचकाला स्वतः पोहोचू द्यावे.

दुसरा निर्णय पुनरुक्तीचा. प्रत्येक पुनरुक्ती पवित्र नसते. ‘मंग’, ‘मंग काय’, ‘तं’ हे सांगणाऱ्याला पुढचे आठवेपर्यंतचे टेकू असतात आणि त्यांतले निम्मे निघाले तरी काही बिघडत नाही. परंतु ‘एकटाच निंगाला. एकटाच.’ यातला दुसरा शब्द टेकू नाही. फरक ओळखण्याची माझी कसोटी अशी आहे की तो शब्द झाकून वाक्य मोठ्याने वाचावे. नुसता वेग वाढला तर तो टेकू होता. प्रसंग हलका झाला तर तो खांब होता.

तिसरा निर्णय विरामांचा, आणि माझ्या मते हाच संपादकाचा खरा कस आहे. श्रुतप्रतीतला प्रत्येक ‘(विराम)’ वाचनप्रतीत कशात बदलायचा हे ठरवावे लागते: पूर्णविराम, नवी ओळ, नवा परिच्छेद, की काहीच नाही. आजी ‘पाहून राह्यला’ म्हणाल्यावर जवळजवळ चार सेकंद थांबल्या होत्या. मी ‘पाहून राह्यला नुसता.’ हे वाक्य स्वतंत्र परिच्छेद म्हणून खाली घेतले. ‘त्या क्षणभर थांबल्या’ असे लिहिण्याचा मोह मला झाला होता, पण मग गोष्टीत तिसरा माणूस, म्हणजे मी, शिरलो असतो. परिच्छेदातली मोकळी जागा तेच काम शांतपणे करते.

गोष्टीत ओवी किंवा गाणे आले तर त्याला गद्यात ढकलू नये. यंत्र ओव्या सलग लिहिते आणि चालीसाठी लांबवलेले स्वर वेगळे शब्द समजते. ओवी आधी गुणगुणून पाहावी, चाल जिथे टेकते तिथे ओळ तोडावी, आणि ‘गं बाई’सारखी पालुपदे प्रत्येक ओळीला आली असतील तर प्रत्येक ओळीला ठेवावीत.

प्रसंगांचा क्रम बदलावा का, असे मला नेहमी विचारतात. सांगणारीने ‘अगं, एक सांगायचंच राह्यलं’ म्हणून मागचा प्रसंग पुढे आणला असेल, तर तो मूळ जागी नेऊन ठेवावासा वाटतो. कधी ते योग्यही असते. पण बैलाच्या गोष्टीत आजींनी बैलाचे नाव सगळ्यात शेवटी सांगितले, जणू आत्ताच आठवले. मी ते सुरुवातीला नेले, मसुदा वाचला, आणि पुन्हा शेवटी आणून ठेवले. नाव आधी कळले की बैल पाळीव जनावर वाटतो. शेवटी कळले की हरवलेला माणूस वाटतो. आजी खरोखर विसरल्या होत्या की त्यांनी ते मुद्दाम राखून ठेवले होते, हे ठरवणे माझे काम नव्हते.

केलेला प्रत्येक मोठा बदल वाचनप्रतीच्या शेवटी दोन ओळींत नोंदवून ठेवावा: कोणता प्रसंग हलवला, काय गाळले, कोणते नाव बदलले. वाचकासाठी ही नोंद छापण्याची गरज नाही, पण पुढे कोणी या गोष्टीवर काम करील त्याला ती लागेल.

परत त्याच ओसरीवर

शेवटची पायरी टाळली तर आधीचे सगळे अपुरे राहते. वाचनप्रत सांगणाऱ्यालाच वाचून दाखवावी. वाचताना कागदावर पेन्सिल असावी आणि मोबाइल पुन्हा चालू असावा, कारण दुरुस्ती सांगता सांगता माणूस नवी गोष्ट सांगू लागतो. ऐकणारा जिथे हसायचे तिथे हसतो का, जिथे हुंकार द्यायचा तिथे देतो का, हे पाहावे. आजींनी माझी प्रत ऐकून दोन दुरुस्त्या सांगितल्या. एका ठिकाणी मी ‘रात्र’ लिहिले होते, ते ‘दिवेलागन’ करायला लावले, कारण रात्री त्या दारात उभ्याच राहिल्या नसत्या. दुसरी दुरुस्ती बैलाच्या वाक्याची होती. मी ते वाचले, आणि त्या म्हणाल्या, “थांब. ‘नुसता’ म्हनाच्या आंधी थांब.” मी पुन्हा वाचले, थांबलो, आणि मग ‘नुसता’ म्हटले. वाचनप्रतीत त्या ठिकाणी आता एक स्वल्पविराम आहे.

दुरुस्त प्रत मोठ्या अक्षरांत, अठरा-वीस पॉइंटमध्ये छापून सांगणाऱ्याच्या घरी द्यावी, आणि तिच्यासोबत पेन ड्राइव्हवर मूळ आवाजही द्यावा. पहिल्या पानावर गोष्टीखाली नाव सांगणाऱ्याचे असावे, त्यांना ते नको असेल तर त्या सांगतील तसे. संपादकाचे नाव आणि कोणते सॉफ्टवेअर वापरले याची नोंद शेवटच्या पानावर लहान अक्षरांत यावी. यंत्रप्रत, श्रुतप्रत आणि वाचनप्रत या तिन्ही फाइली आवाजासह एकाच फोल्डरमध्ये, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. पुढची गोष्ट सुरू करण्याआधी मागच्या गोष्टीतल्या शब्दांची भर वहीत घालून घ्यावी.